टपाची करकर

नांदेड, ९ ऑगस्ट २०२४

वहिनी,

आठ महिने तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहितो. नमस्कार वगैरे समजून घ्या.

गाडीचा टप करकरतो. कोणती गाडी ते तुम्हाला माहीत आहे. हैदराबादेतून जुनी आणलेली लाल, दोन सीटची. अण्णा तिला बघून हसला होता. "मृत्युंजया, घरात सहा माणसं आन् गाडी दोघांची? बाकीच्यांनी मागून पळायचं का?" तिचं डोक्यावरचं छत अख्खं निघतं आणि परत बसतं. पुढं दोन खिट्ट्या, मागं दोन खुंट्या, चारी बाजूंनी रबर. ते रबर गेल्या नोव्हेंबरात अण्णानं बदललं, खिट्ट्या जुळवल्या. त्यानंतर एकोणीस दिवसांत तो गेला.

तेव्हा टप एकदम गप्प होता. आता गाडी खड्ड्यातून गेली की डोक्यावर कुणीतरी सुपारी कातरतंय असं वाटतं.

दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीला मी त्याला हात लावू देणार नाही. अण्णाचं शेवटचं काम आहे ते. अण्णा प्रत्येक गाडीचं काम वहीत लिहायचा. ती वही पाठवा. त्यात बघून माझं मी करीन. वीस वर्षांपूर्वी मी अण्णाचं वर्कशॉप सोडून इथं पाइपांचं दुकान टाकलं, पण पाना धरायला विसरलो नाही. आणि चौथी शिकलेल्या माणसानं वह्या सांभाळून काय करायचं?

अण्णाच्या समाधीपाशी मी जे बोललो ते मागं घेतलेलं नाही. हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाला तुम्ही कामाला लावलं. घरात बसवायचं सोडून गाडीखाली घातलं.

वही एसटीच्या पार्सलनं पाठवा.

मृत्युंजय

&nbsp;

लातूर, १६ ऑगस्ट २०२४

मृत्युंजय भाऊजी,

वही मिळणार नाही.

मी चौथी शिकले हे खरं आहे. चौथीच्या पुढचं कुठं शिकले ते या घरात कुणी विचारलं नाही. रंगाच्या डब्यांवरची इंग्रजी अक्षरं लावत लावत शिकले. तुमच्या गाडीच्या टपाच्या माहितीची सोळा पानं इंग्रजीत आली होती. ती शब्दकोश मांडीवर घेऊन कुणी वाचली असं तुम्हाला वाटतं? तुमचे अण्णा इंग्रजीत फक्त "ओके" म्हणायचे.

टप दोन कारणांनी करकरतो. खिट्टी सैल असेल तर पत्र्यावर पत्रा घासतो. रबर कोरडं झालं असेल तर काचेच्या चौकटीवर रबर घासतं. तुमचं कोणतं ते असं बघा. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी फाडा. टप काढून पट्टी रबरावर ठेवा, टप बसवा, खिट्ट्या लावा आणि पट्टी ओढा. जोर लागला तर खिट्टी ठीक आहे. जिभेसारखी बाहेर आली तर सैल आहे. चारी कोपऱ्यांत करा आणि लिहून पाठवा. अंदाजानं लिहू नका.

आणि टपाला आजवर काय काय चोपडलं तेही लिहा. खरं लिहा.

समाधीपाशी तुम्ही बोललात ते सगळ्यांनी ऐकलं. पुन्हा पत्रात लिहून कागद वाया घालवू नका.

गौरम्मा

&nbsp;

नांदेड, ३० ऑगस्ट २०२४

वहिनी,

पट्ट्या ओढल्या. चारी कोपऱ्यांत घट्ट आहेत. म्हणजे खिट्ट्या ठीक. अण्णानं बसवलेली खिट्टी सैल होणारच नाही, हे मला पट्टी न ओढताही माहीत होतं.

पण पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या पट्ट्या बाहेर आल्या त्या पांढऱ्या झालेल्या. खडूची असते तसली भुकटी. रबराचे जोड तिथंच आहेत. याचा अर्थ मला कळतो, तुम्ही सोळा पानं वाचली असली तरी. जोड कापताना खडूनं खुणा केल्या आणि पुसायच्या राहिल्या. अण्णा असं काम कधी करत नव्हता. गिऱ्हाईक दारात उभं राहून ओरडलं तरी फडकं मारल्याशिवाय गाडी सोडायचा नाही. म्हणजे त्याला घाई होती. त्याला स्वतःला घाई कधीच नसायची, म्हणजे ती कुणीतरी लावली.

चोपडलं म्हणाल तर खोबऱ्याचं तेल. जूनमध्ये एकदा, जुलैत एकदा. चार दिवस गप्प बसतो, मग परत सुरू.

४ डिसेंबरला वर्ष होतं. पुण्यस्मरणाला मी येणार आहे. मठाचे लोक असतील, सगळे भाऊबंद असतील. तिथं मी तुम्हाला विचारणार, की माझ्या भावाला मरायच्या महिन्यात कामाला का लावलं. फोन उचलला नाही तरी चालतं, पण तिथं उत्तर द्यावं लागेल.

वही पाठवा.

मृत्युंजय

&nbsp;

लातूर, ५ सप्टेंबर २०२४

बसम्माक्का,

देवणीला यायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. काम आहे, आणि तोंड दाखवायची इच्छा नाही.

तुला एक सांगते. आईलाही सांगितलं नव्हतं. यांचे हात शेवटची दोन वर्षं थरथरत होते. हृदयाचं सगळ्यांना माहीत होतं, हातांचं कुणाला नाही. कुणी वर्कशॉपात आलं की हे हातात फडकं घ्यायचे आणि पुसत बसायचे. फडक्यात हात हललेला दिसत नाही. गिऱ्हाईक गेलं की पाना माझ्याकडे द्यायचे. आधी मी फक्त सीटा शिवायचे ना? दोन वर्षांत काचा बसवायला, रबर बसवायला, पत्रा सरळ करायला शिकले. हे स्टुलावर बसून सांगायचे. व्यंकटी आमच्याकडे पंधरा वर्षं आहे. त्याला कळलं होतं, पण तो कधी बोलला नाही.

मृत्युंजयच्या गाडीचा टप मी केला. रबर मी कापलं, जोड मी घातला. यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. आणि तो मला विचारतोय, बिमार माणसाला कामाला का लावलं.

एका ओळीत त्याचं तोंड बंद करता येईल. पण यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. जगात कुणालाही कळू दे, पण मृत्युंजयला नको. वर्कशॉप सोडून जाताना तो यांना म्हणाला होता, "अण्णा, तुझ्या हाताची सर मला जन्मात येणार न्हाई, म्हणून चाललो." ते वाक्य यांनी वीस वर्षं जपलं. जेवताना कधीतरी मध्येच म्हणायचे.

आणि तो वही मागतोय. दोन वर्षांची वही माझ्या अक्षरात आहे, अक्का. कशी पाठवू?

आता ४ डिसेंबरला तो भर पंगतीत विचारणार. गप्प राहिले तर मी नवऱ्याला कामाला जुंपून मारणारी ठरते. बोलले तर शब्द मोडतो.

बाकी बरी आहे. वर्कशॉपाचं शटर उचलताना अजून मी माझी बाजू धरते. दुसरी बाजू यांची होती. शटर तिरकं वर जातं आणि अडकतं. मग व्यंकटी येतो.

गौरा

&nbsp;

देवणी, १४ सप्टेंबर

गौरे,

तुजं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. माजं अक्षर तुला लागंल का न्हाई म्हाईत न्हाई, पन दुसऱ्याकून लिवून घ्यावं असला मजकूर न्हाई.

तू येडी हायस का? सांगून टाक की त्याला. मेलेल्या मानसाचा शबूद जित्या मानसानं किती दिस वागवायचा? त्यो तिकडं सुखात हाय, तू हिकडं बोलनी खाऊन राहिलीस. तुजा दीर लहानपनापासून तसलाच हाय. तुज्या लग्नात जिलेबी कमी पडली म्हनून मांडवाच्या खांबाला लाता मारत होता, आठवतंय का? तवा मीच त्याला वडून नेला हुता.

आन् दोन मानसांच्या गाडीला झाकन कशाला पायजे म्हन्ते मी. भिजू दे तिकडं.

चार तारखेला मी येनार. तू न्हाई बोललीस तर मी बोलीन.

बसम्मा

ता. क. म्हन्ले खरं, पन तुज्या मर्जीबिगर बोलनार न्हाई. तवा तूच काय ते बघ.

&nbsp;

लातूर, २२ सप्टेंबर २०२४

मृत्युंजय भाऊजी,

खडू वापरला नव्हता. या वर्कशॉपात रबरावर खडूनं खूण करत नाहीत, निळ्या पेन्सिलीनं करतात. वहीत तसं लिहिलेलं आहे. कामाला दोन दिवस लागले, तेही लिहिलेलं आहे. घाई नव्हती. तुम्ही पट्टी पांढरी बघितली आणि तिच्यावरून एक माणूस मारणारी बाई उभी केलीत. पाइपांच्या दुकानात एवढं डोकं वाया जातं याचं वाईट वाटतं.

खोबऱ्याचं तेल! रबर म्हणजे काय डोकं आहे का, दर महिन्याला चंपी करायला? तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. मग त्याला धूळ चिकटते. पेट्रोल, डिझेल, तेल, काहीही लावायचं नाही. कोमट पाण्यात साबण घालून मऊ कापडानं पुसा. सुकू द्या. मग सिलिकॉन ग्रीस मिळतं ते बोटावर घेऊन इतकं पातळ लावा की लावलं का नाही ते कळू नये.

ती पांढरी भुकटी कसली ते तुम्ही शोधा. रस्त्याची धूळ सगळीकडे बसते, मोजून दोन कोपऱ्यांत बसत नाही. त्या गाडीला कोण कोण हात लावतं?

आणि एक. मला काय बोलायचं ते बोला. पण यांनी फडकं मारलं नाही, यांना घाई होती, असलं पुन्हा लिहू नका. ते पत्र मी ठेवलेलं नाही. चुलीत घातलं असतं, पण गॅस आहे. म्हणून फाडलं.

गौरम्मा

&nbsp;

नांदेड, १५ ऑक्टोबर २०२४

अक्का,

मी अंजू, तुमची जाऊ. हे पत्र मी लिहिलंय ते यांना माहीत नाही. तुमचं उत्तर माझ्या नावानं पाठवू नका.

तुम्ही लिहिलं तसं यांनी साबणाच्या पाण्यानं पुसलं. ग्रीस लावलं. टप गप्प झाला. दसऱ्याला गाडी झेंडूच्या माळा घालून उभी केली, तेव्हा सगळ्यांना सांगत होते, "ऐका, आवाज येतो का?" काल सोमवारी परत करकर सुरू झाली.

तुम्ही विचारलं होतं ना, गाडीला कोण हात लावतं? दुसरं कुणी लावत नाही. हेच लावतात. दर सोमवारी पूजा झाली की वाटीत विभूती घेऊन खाली जातात. टपाच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना, रबराचे जोड आहेत तिथं, तीन बोटांनी लावतात. मोठे भाऊजी सोमवारी गेले म्हणून सोमवारी. एकदा मी म्हटलं, बॉनेटला लावा, सगळे तिथंच लावतात. तर म्हणाले, "अण्णाचा हात शेवटी इथं लागलाय." मग विष्णुपुरीपर्यंत जातात आणि माघारी येतात. मला शेजारी बसवत नाहीत. ती सीट रिकामी ठेवतात.

ते तुम्हाला बोलतात ते मला पटत नाही. पण मी त्यांची बायको आहे. चार माणसांत तुमच्या बाजूनं उभी राहीन असं खोटं सांगत नाही. एवढं सांगावंसं वाटलं, म्हणून सांगितलं.

अंजू

&nbsp;

लातूर, २४ ऑक्टोबर २०२४

मृत्युंजय भाऊजी,

टप परत करकरत असणार. तुम्ही कळवलं नाही तरी मला अंदाज आहे.

ती पांढरी भुकटी विभूती आहे. कुणी सांगायला नको. दोनच कोपऱ्यांत बसणारी पांढरी पूड आपल्यासारख्यांच्या घरात दुसरी कोणती असते? राख ग्रीस पिऊन टाकते. त्यातून तुम्ही आधी तेल पाजलंय. तेलात राख कालवली की घासणी तयार होते. घरोघर भांडी कशानं घासत होते ते आठवा. जोडाजवळचं रबर आतापर्यंत खरवडलं असेल. पुसून भागणार नाही, दोन्ही कोपऱ्यांचे तुकडे बदलावे लागतील.

विभूती कुणी लावली, का लावली, हे मी विचारत नाही. कपाळ आहे ना, तिथं लावा.

रविवारी १० नोव्हेंबरला गाडी लातूरला आणा. लोह्याच्या पुढं रस्ता उकरलाय, टप काढून आणू नका, धूळ खाल. काम मी करीन. व्यंकटी असतो, पण या कामाला त्याला लावणार नाही. तुम्ही समोर उभं राहून बघायचं. एका बाईनं अण्णाच्या कामाला हात लावलेला चालणार नसेल, तर येऊ नका, करकर ऐकत बसा. माझं काही अडलेलं नाही.

सकाळी दहाला या. अकराला याल तर शटर बंद असेल.

गौरम्मा

&nbsp;

नांदेड, १४ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

रविवारी तिथून मी एक शब्द न बोलता निघालो. तिथं बोललो असतो तर व्यंकटीसमोर काहीतरी भलतं झालं असतं. म्हणून आता लिहितो. चार दिवस लागले.

तुम्ही टप काढून गोधडीवर उताणा ठेवलात. जुना जोड उलगडून माझ्यापुढं धरलात आणि म्हणालात, "बघा, किती खाल्लंय." मी राख बघितली. खरवडलेलं रबर बघितलं. मग तुम्ही नवा तुकडा घेतलात आणि ब्लेड डाव्या हातात घेतलंत.

आईनं तुम्हाला त्या हातानं कधी वाढू दिलं नाही. मला आठवतं. तुम्ही पंगतीत उजव्या हातानं वाढायचात आणि आमटी सांडायचात आणि मी हसायचो.

तुम्ही रबर तिरकं कापलंत. डाव्या हाताचा तिरका काप उलट्या बाजूला झुकतो. जुना जोड शेजारीच पडला होता. तोही तसाच झुकलेला. दर सोमवारी मी तो जोड बघितलाय, वहिनी. डोळे मिटून काढून दाखवीन. अण्णा उजव्या हाताचा होता.

व्यंकटीला मी बाहेर गाठलं. विचारलं, "अण्णाचे हात?" त्यानं चहाची किटली उचलली. मी म्हणालो, "व्यंकटी, मी तुला विचारतोय." तर म्हणाला, "दादा, मी नोकर माणूस हाय. मला कशाला इचारता? तुमी भाऊ होता की." एवढं बोलून चहा आणायला गेला.

म्हणजे अण्णानं काम केलंच नाही. अकरा महिने मी तुम्हाला जे बोललो ते सगळं खोटं ठरलं. आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत. एक फोन करून सांगता आलं असतं, तर गप्प बसलात आणि मला बोलू दिलंत. भर समाधीपाशी माझं माकड होऊ दिलंत. अकरा महिने मी दर सोमवारी तुमच्या हाताला विभूती लावत होतो. तुमच्या!

मला सांगितलं का नाही? त्यानं का नाही सांगितलं? मी परका होतो का? हात थरथरतात म्हटल्यावर मी हसलो असतो का?

टप आता वाजत नाही. अहमदपूरच्या पुढच्या खड्ड्यांतसुद्धा वाजला नाही. हे लिहायचं नव्हतं, पण अंदाजानं लिहू नका असं तुम्हीच म्हणाला होतात.

मृत्युंजय

&nbsp;

लातूर, २० नोव्हेंबर २०२४

मृत्युंजय भाऊजी,

तुमच्या अण्णांना मी शब्द दिला होता की मृत्युंजयला सांगणार नाही. तो मी पाळला. तुमच्यासमोर काम करणार नाही असा शब्द दिला नव्हता. ब्लेड उचलायच्या आधी क्षणभर थांबले होते. उजव्या हातात घेता आलं असतं. घेतलं नाही. एवढंच माझं पाप, आणि त्याचा जाब मी त्यांना देईन, तुम्हाला नाही.

तुम्ही हसला असता का, असं विचारलंत. नसता हसला. रडला असता. ते त्यांना नको होतं. तुम्ही जाताना त्यांच्या हाताबद्दल एक वाक्य बोलला होतात. तुम्ही विसरला असाल, ते विसरले नव्हते. त्या एका वाक्यावर वीस वर्षं त्यांनी तुमची आठवण काढली. तुम्ही दिवाळीला आला नाहीत, तरी ते वाक्य यायचं. तुम्हाला खरं कळलं असतं तर ते वाक्य गेलं असतं. माझ्याकडे त्या तोडीचं दुसरं काही नव्हतं त्यांना द्यायला.

तुमच्या गाडीच्या कामाला दोन दिवस लागले ते माझ्यामुळं. मी तीनदा चुकले. ते स्टुलावर बसून ओरडत होते. "गौरा, अर्धा आटा पिळ म्हणालो, अख्खा न्हाई!" तीस वर्षांत एवढं ओरडले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टप बसला. त्यांनी वरून थाप मारली, कान लावला आणि म्हणाले, "मृत्युंजयला सांग, मी केलंय." हसत होते. तुम्हाला फोन त्यांनीच केला. त्या फोनवर आवाज कसा होता ते तुम्ही ऐकलंय. तो माणूस कामाला जुंपलेला होता का ते तुम्हीच ठरवा.

मला आता एकच मागायचं आहे. आयुष्यात तुमच्याकडे कधी काही मागितलेलं नाही, आणि मागताना बरं वाटत नाही. ४ डिसेंबरला तुम्ही विचारणार होतात, ते खुशाल विचारा. बिमार माणसाला कामाला का लावलं, असं भर पंगतीत विचारा. मी उत्तर देणार नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. वर्षभर म्हणत आहेत, मला त्याची सवय झाली. पण त्यांच्या हातांबद्दल एक अक्षर काढू नका. माझी बाजू घ्यायला म्हणूनसुद्धा नको. चांगुलपणा करायचा असेल तर दुसरीकडे करा.

तुम्ही बोललात तर मी त्या दिवशी उठून जाईन, आणि पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही.

गौरम्मा

&nbsp;

लातूर, ६ डिसेंबर २०२४

मृत्युंजय भाऊजी,

परवा तुम्ही बोललात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. बसम्माक्का माझा दंड धरून उभी होती, मी बाहेर जाऊ नये म्हणून की ती स्वतः जाऊ नये म्हणून, कोण जाणे.

जंगमांची पूजा झाली, पानं मांडली, आणि गुरुपादप्पा काकांनीच विषय काढला. त्यांना कुठं काय बोलावं याचा पोच कधी नव्हता. "काय रे मृत्युंजया, गेल्या साली म्हणत हुतास, वहिनीनं शेवटी कामाला लावलं म्हणून. आता का गप्प?" सगळी पंगत तुमच्याकडे बघायला लागली. माझ्या हातातलं गव्हाच्या हुग्गीचं पातेलं मी खाली ठेवलं.

तुम्ही म्हणालात, "काका, अण्णा कुणाचं ऐकत होता का? वहिनी नको नको म्हणत होती. त्यानं हट्टानं केलं. दोन दिवस, स्वतःच्या हातानं. मी उगाच तिला बोललो, राग होता म्हणून बोललो." काका म्हणाले, "आन् काम? बिमार माणसाचं काम कसं आसंल?" तर तुम्ही म्हणालात, "मराठवाड्यात तसं काम करणारा हात दुसरा न्हाई, काका. ज्याला बघायचं त्यानं बाहेर गाडी उभी हाय, जाऊन बघावं." चारपाच जण खरंच हात धुऊन बाहेर गेले आणि टपाला कान लावून आले.

तुम्ही खोटं बोललात. मठाच्या लोकांसमोर, पूजेच्या दिवशी. आणि बोलताना दाराकडे बघितलंत. मी आहे का ते बघत होतात. मी होते. सगळं ऐकलं. त्यांच्या हाताबद्दलचं वाक्यही ऐकलं, आणि ते मी तुम्हाला परत करणार नाही.

म्हणून तुमचंमाझं मिटलं असं समजू नका. समाधीपाशी जे बोललात ते एक वर्ष माझ्या घरात राहिलंय, एका पंगतीत बाहेर पडणार नाही. मी तुम्हाला वर्षभर अंधारात ठेवलं, ते तुम्हीही सोडणार नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

टपाला दर तीन महिन्यांनी ग्रीस लावायचं. मार्चमध्ये गाडी इकडं आणा, मी बघीन. अंजूला सोबत आणा, बिचारी त्या गाडीत अजून बसलेली नाही.

परवा एवढं बोलून तुम्ही तसेच उठून गेलात. पान वाढलेलं होतं, मी स्वतः वाढलं होतं, डाव्या हातानं. असं उपाशी उठून जाऊ नये. भांडण जेवून झाल्यावरही करता येतं.

गौरम्मा